पिसाचा मनोरा आणि चक्क्याचं गणित

आजची गोष्ट सुरू होते आमच्या स्वयंपाकघरात. श्रीखंडासाठी आजी दही फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवायची. लहानपणी एकदा मला धीर निघाला नाही. मी पुरचुंडी ताटात ठेवली आणि वर सरळ वरवंटा ठेवला. पाणी राहिलं बाजूला, फडक्याच्या गाठीतून दहीच बाहेर आलं! आजी म्हणाली, "अगं, त्याला निथळू दे की!"

पुढे इंजिनिअरिंगला मृदा-यांत्रिकी शिकताना मला हा प्रसंग आठवला, तो पिसाच्या मनोऱ्यामुळे.

इटलीतल्या पिसा शहरात ११७३ साली या मनोऱ्याचं काम सुरू झालं. पाया जेमतेम तीन मीटर खोल. खाली साधारण दहा मीटर गाळ आणि वाळू, आणि त्याखाली समुद्राच्या मऊ चिकणमातीचा जाड थर. चौथा मजला सुरू असताना, ११७८च्या सुमारास, काम थांबलं. पिसा लढायांमध्ये गुंतलं होतं. मनोरा अर्धवट उभा राहिला, थोडीथोडकी नाही, नव्वदहून जास्त वर्षं.

आता गंमत बघा. त्या वेळी सलग काम झालं असतं, तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं आजचे अभ्यासक सांगतात. मग या सुट्टीत जमिनीखाली काय घडलं?

चिकणमातीचे कण अतिशय बारीक आणि त्यांच्यामध्ये पाणी भरलेलं. वर वजन आलं की ते आधी पाण्यावर येतं, कणांवर नाही. त्यामुळे ओझं वाढतं, पण मातीची ताकद तेवढीच राहते. पाणी हळूहळू निघून गेलं की कण एकमेकांना घट्ट भिडतात आणि माती मजबूत होते. वाळूतून पाणी पटकन वाहून जातं. चिकणमातीला मात्र वर्षानुवर्षं लागतात. हे गणित नीट मांडलं कार्ल तेर्झागी यांनी, इस्तंबूलमध्ये शिकवत असताना केलेल्या प्रयोगांतून. त्यांचं पुस्तक आलं १९२५ साली. म्हणजे पिसाचे गवंडी साडेसातशे वर्षं आधीच चक्का लावून बसले होते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं!

१२७२ला काम पुन्हा सुरू झालं, सातव्या मजल्यापर्यंत गेलं आणि परत थांबलं. घंटाघर पूर्ण झालं ते १३७०च्या आसपास. तोवर मनोरा दक्षिणेकडे झुकला होता. गवंड्यांनी वरचे मजले सरळ करायचा प्रयत्न केला, म्हणून तो नुसता तिरका नाही, किंचित वाकडाही आहे.

पुढे माणसांनी उपाय केले आणि बहुतेक वेळा घोळ वाढवला. १८३८ साली पायाचं कोरीवकाम दिसावं म्हणून भोवती खणलं, तर पाणी उसळलं आणि मनोरा आणखी कलला. १९३०च्या दशकात मुसोलिनीच्या हुकमावरून पायात सिमेंट भरलं. तो पुन्हा झुकला.

मग मार्च १९८९मध्ये पाविया शहरातला जुना मनोरा अचानक कोसळला आणि चार माणसं गेली. सगळे हादरले. जानेवारी १९९०मध्ये पिसाचा मनोरा लोकांसाठी बंद झाला. जॉन बर्लंड यांच्यासारखे तज्ज्ञ असलेल्या समितीने उत्तरेकडच्या बाजूवर सुमारे ६०० टन शिसं ठेवलं. त्याने थोडा फरक पडला. पण सप्टेंबर १९९५मध्ये दक्षिणेकडची जमीन द्रव नायट्रोजनने गोठवायला घेतली आणि एका रात्रीत मनोरा जवळजवळ वर्षभराइतका सरकला. काम ताबडतोब थांबवून आणखी शिसं चढवावं लागलं.

शेवटी उपाय सापडला तो मातीतच. १९९९ ते २००१ या काळात उत्तरेकडून तिरकी भोकं पाडून पायाखालची माती थोडी थोडी काढली. थोडी काढायची, मोजायचं, मग पुढचं ठरवायचं. एकूण निघाली चाळीसेक घनमीटरपेक्षाही कमी, म्हणजे काही डंपर. तेवढ्यात मनोरा साधारण अर्धा अंश मागे आला. दक्षिणेकडून आधार न देता, उत्तरेकडून माती काढून! डिसेंबर २००१मध्ये तो पुन्हा उघडला. तिरका आहेच, पण आता सुरक्षित.

आणखी एक. २०१८ साली अभ्यासकांनी दाखवलं की या भागात मोठे भूकंप होऊनही मनोरा टिकला, तो या मऊ मातीमुळेच. भूकंपाच्या हादऱ्याशी त्याची लय जुळतच नाही. ज्या मातीने तिरका केला, तिनेच सांभाळला.

आजही मऊ चिकणमातीवर रस्ता करायचा असेल, तर कधी कधी आधी भराव टाकून महिनोन्‌महिने नुसती वाट बघतात. असा भराव दिसला, तर "काम बंद पडलंय" असं लगेच म्हणू नका. कदाचित चक्का निथळत असेल.

भेटू पुढच्या भागात!