घर कुणाला मिळते?

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन आला. सगळ्यांनी दुआ दिली, भाड्याने खोली कुणी दिली नाही. तो पुन्हा जुन्या नाक्यावर, जुन्या दोस्तांत गेला. तेव्हापासून मी उपचारानंतरच्या घरांचा इतिहास वाचतो आहे.

१९७५ साली अमेरिकेत, मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला, दारू सोडलेल्यांचे एक निवारागृह स्थानिक प्रशासन बंद करणार होते. तिथे राहणाऱ्या पॉल मॉलॉय आणि सोबत्यांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले. नाव ठेवले ऑक्सफर्ड हाउस. ना मॅनेजर, ना डॉक्टर. भाडे वाटून भरायचे, कारभार मतदानाने करायचा, एका पदावर सहा महिन्यांहून अधिक कुणी बसायचे नाही. राहायला मुदत नाही. मात्र पुन्हा प्यायला, तर घर सोडायचे.

हा शेवटचा नियम मला आधी खटकला. बुखारींच्या हदीससंग्रहात दारूसाठी वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाची हकिगत आहे. लोकांतल्या एकाने त्याला शाप दिला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यालाच थांबवले. पण त्या घरात बाकीचेही नुकतेच सावरलेले असतात. एकाची बाटली सगळ्यांना बुडवू शकते.

१९८८च्या कायद्याने अशी घरे सुरू करायला ४,००० डॉलरपर्यंत कर्जाची सोय झाली. घरे वाढली, तसे शेजारीही बिथरले. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराच्या नियमात नाते नसलेली पाचांहून अधिक माणसे 'कुटुंब' नव्हती, आणि तिथल्या घरात दहा-बारा जण राहत होते. शहराचे म्हणणे, हा गर्दीचा नियम आहे, त्याला भेदभावविरोधी कायदा लागत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते फेटाळले. हा नियम माणसे मोजत नाही, कुटुंब कोण ते ठरवतो, त्याला सूट नाही.

'फॅमिली आहे ना?' हा प्रश्न फ्लॅट शोधताना मीही ऐकला आहे. माझे नाव ऐकल्यावर तेवढेही विचारायचे थांबतात. मोहल्ल्यातल्या बहुतेक घरमालकांनी हे भोगलेले आहे. त्या मुलाला नकार देताना कुणाला ते आठवले नाही. मलाही नाही. माझी वरची खोली तेव्हा रिकामीच होती.