प्लेग, धान्य आणि जमिनीवरची झोप

‘उंदीर पडू लागले’ असे कुणी म्हटले, की सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडची गावे रिकामी होत. आढ्यावरून उंदीर धप्पकन खाली पडायचा, झिंगल्यासारखा गोल फिरायचा आणि तिथेच मरायचा. पुढे दहा-पंधरा दिवसांत माणसांना ताप भरे, जांघेत नाहीतर काखेत गाठ येई. तेवढी वाट न पाहता शहाणी माणसे बिऱ्हाड उचलून माळावर झोपड्या घालून राहत. या लोकांनी जंतुशास्त्र वाचलेले नव्हते, पण उंदीर आणि गाठ यांचे नाते त्यांनी ओळखले होते. सरकारी डॉक्टरांना ते पटायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

प्लेग म्हटले की आपल्याला पुणे शहर आठवते. रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाई, घराघरांत शिरणारे गोरे शिपाई, २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र, रँड आणि चापेकर बंधू. हा इतिहास आपण शाळेत शिकलो. पण हा रोग पसरत कसा होता आणि गरिबाच्याच घरात एवढा का मुरत होता, हे समजून घ्यायचे तर शहराबाहेर पडून पूर्वेकडे, शिरूर-दौंडच्या बाजूला यावे लागते.

शिरूर घोडनदीच्या काठी. जुनी माणसे गावालाच घोडनदी म्हणतात. नगर रस्त्यावरची ही बाजारपेठ. दौंड भीमेच्या काठी, त्या काळी भीमथडी तालुक्यात. दोन्हीकडे पाऊस बेभरवशाचा. १८६० पर्यंत पुण्याहून सोलापूरला रेल्वे गेली, १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. मुंबईचा माल दख्खनमध्ये आणि दख्खनचे धान्य मुंबईकडे, अशी ये-जा इथून होऊ लागली.

याच भागात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. सुरुवात १२ मे रोजी भीमथडीतल्या सुप्याला झाली. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या कर्ड्याने सावकारावर बहिष्कार घातलाच होता. प्लेगच्या गोष्टीत दंगा कशाला, असे कुणी विचारील. कारण धान्य कुणाच्या ताब्यात होते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. कुणब्याचे पीक खळ्यावरूनच देणेकऱ्याच्या वखारीत जाई. उरेल ते कणगीत, आणि कणगी तो झोपे त्याच खोलीत. वेगळे कोठार बांधायला पैसा कुठला? त्यात १८७६ चा दुष्काळ, मग १८९६ चा, मग १८९९ चा. उंदराला हे घर सोडायचे काही कारण नव्हते.

मुंबईत प्लेग उघडकीस आला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याची पेठ; खाली वखारी आणि वर दाटीवाटीने राहणारी माणसे. घाबरून लाखो लोक शहर सोडून निघाले आणि रोग रेल्वेने दख्खनमध्ये उतरला. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. स्थानकांवर उतारूंच्या काखा-जांघा तपासल्या जाऊ लागल्या. घरे उकरली, चुना मारला, गाद्या-गोधड्या जाळल्या. सगळा भर माणसावर आणि त्याच्या घाणीवर होता. हिंदी माणूस राहतोच गलिच्छ, म्हणून त्याला प्लेग होतो, ही समजूत त्यामागे होती. गोऱ्यांना फारसा प्लेग होत नसे हे खरे. पण त्यांच्या बंगल्याचा चौथरा उंच होता, स्वयंपाकघर अंगणापलीकडे होते आणि कुणी धान्याच्या पोत्याशेजारी झोपत नव्हते, याकडे फार थोड्यांनी पाहिले.

खरा दुवा सापडला तो कराचीत. १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले, की रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून जातो. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि उपाशी पिसवा दुसरे अंग शोधतात. आधी दुसरा उंदीर. तो उरला नाही की माणूस. सिमाँकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केले. त्याचे म्हणणे पक्के झाले ते १९०५ नंतर, परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने केलेल्या प्रयोगांनी.

हे प्रयोग मुळातून वाचण्यासारखे आहेत. आयोगाने सहा लहान घरे बांधली आणि त्यांचे छप्पर वेगवेगळे ठेवले. साध्या देशी कौलांच्या छपरात उंदीर सुखाने घरटी करत. तिथे जमिनीवर ठेवलेल्या गिनीपिगांना प्लेग होई. मग त्यांनी रोग असलेल्या जागेत काही पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले प्राणी मेले, दोन फुटांवरचे जगले. उंदरावरची पिसू उडी मारते ती जेमतेम चार इंच. माणसाच्या बाबतीत हिशेब इतका सरळ नाही, कारण चालत्या पायावर पिसू कधीही चढते. तरीही पडक्या उंदरांच्या घरात जमिनीवर गोधडी टाकून निजणारा आणि पलंगावर निजणारा यांच्या नशिबात फरक होताच. हा फरक स्वच्छतेच्या शिकवणुकीचा नव्हता. पलंग घेण्याच्या ऐपतीचा होता.

धान्याच्या पोत्यांतून आणि चिंध्यांतून पिसवा दूरवर जातात, हेही याच काळात ध्यानात आले. म्हणजे बाजारपेठ आणि जंक्शन ही रोगाची उतरण्याची ठिकाणे होती. पुणे भागात उन्हाळ्यात साथ ओसरे, कारण कोरड्या उष्णतेत पिसवा टिकत नाहीत. पावसाळ्याच्या अखेरीस ती पुन्हा डोके वर काढी. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, पिके घरात यायच्या दिवसांतच, लोकांना माळ गाठावा लागे. ज्याची शेती आहे त्याला निदान शेत तरी होते. रोजावर जगणाऱ्याने, हमालाने कुठे जायचे? गाव सोडणे हा सगळ्यांत गुणकारी उपाय, आणि तोच परवडत नव्हता. देशभरात त्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसे प्लेगने गेली.

ही गोष्ट तिथे संपली नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला आणि पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग निघाला. भूकंपानंतर सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले आणि उंदीर माजले, असे कारण तेव्हा अनेक अभ्यासकांनी दिले. लगोलग सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा गवगवा झाला आणि तिथून लोक पुन्हा रेल्वेने पळाले, १८९६ सारखेच.

प्लेगवर आता औषधे आहेत. उंदीर मात्र दुसऱ्या रोगाने भेटतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात जातात. ज्याच्या वस्तीत गटार उघडे, कचरा उचलला जात नाही आणि पायात गमबूट नाही, त्याला धोका जास्त. शिरूरजवळ रांजणगाव आणि दौंडजवळ कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती आल्या, तशा एका खोलीत चार-पाच जणांनी राहायच्या भाड्याच्या खोल्याही आल्या. अशा खोलीत महिन्याचे धान्य उशाशीच ठेवावे लागते. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा असला तर उंदराला ते लागत नाही. डबा नसेल तर पोते असते, आणि पोत्याला रात्रीतून भोक पडते.