अ‍ॅक्शन कॅमेरा: व्हायब्रंट, एचडीआर की लॉग?

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत कोसळते. दरीत रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्यात इथे पाणी आणि आकाश लख्ख, तर कडे सावलीत असतात. अशा दृश्यातील उजेड आणि अंधार दोन्हींचे बारकावे एकाच वेळी टिपण्याची कॅमेऱ्याची क्षमता म्हणजे डायनॅमिक रेंज. ती स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट.

नॅचरल: रंग डोळ्यांना दिसतात त्याच्या जवळचे. रोजच्या वापरासाठी योग्य.

व्हायब्रंट: रंग आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. रील लगेच टाकता येते, पण हिरवळ भडक दिसते आणि सावल्या काळ्या पडतात.

एचडीआर: सावली आणि उजेड दोन्ही सांभाळतो. काही कॅमेरे त्यासाठी दोन एक्स्पोजर एकत्र करतात, त्यामुळे वेगाने हलणाऱ्या गोष्टींच्या कडा पुसट होऊ शकतात.

लॉग: गोप्रोचा जीपी-लॉग, डीजेआयचा डी-लॉग एम. व्हिडिओ आधी फिका दिसतो. रंग एडिटिंगमध्ये भरावे लागतात. त्यासाठी १०-बिट उपयोगी, कारण ८-बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर १०-बिटमध्ये १,०२४.

मोड कोणताही असो, पाणी पांढरेफटक दिसत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.५ किंवा उणे १ करावे. काळवंडलेला कडा एडिटिंगमध्ये थोडाफार उजळता येतो. पांढऱ्यात हरवलेले पाणी मात्र परत मिळत नाही.