वाडीजवळची नदी, अंबाझरी आणि समुद्र: परिसंस्था चालते तरी कशी?

नागपूरजवळच्या वाडीत राहत असाल, तर लाव्हाच्या टेकड्या तुमच्या शेजारीच. नाग नदी तिथूनच निघते आणि अंबाझरी तलावात येते. मध्यंतरी हा तलाव जलपर्णीने झाकून गेला होता. दिसायला हिरवंगार, पण ते दुखण्याचं लक्षण.

सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीचं फुकटचं खत. ती पसरली की ऊन पाण्यात उतरत नाही, त्यामुळे खालच्या वनस्पतींना ऑक्सिजन तयार करता येत नाही. जलपर्णी कुजते तेव्हा जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. मासे गुदमरतात, मग बगळे, पाणकावळे आणि खंड्याही दुसरीकडे जातात. ऊन, पाणी, वनस्पती, प्राणी आणि कुजवणारे जीव यांच्या या देवघेवीलाच परिसंस्था म्हणतात.

गोष्ट तलावावर थांबत नाही. नाग पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. मग प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. गोदावरीच्या मुखाशी, आंध्र प्रदेशात, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. नदीने आणलेल्या गाळावर ते उभं आहे. त्याच्या मुळांमध्ये कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं वाढतात. नागपूरची सगळी घाण तिथवर पोचते असं नाही, बरीचशी वाटेतल्या गोसेखुर्द धरणात अडते. पण मासे त्या धरणातही आहेत.