दहा तारखेनंतरचा पैसा

बचत खात्यावर व्याज मिळते हे सर्वांस ठाऊक असते. ते कोणत्या दिवसाच्या शिलकेवर मिळते, हे मात्र फारच थोडे लोक विचारतात. कॅम्पातील व शहरातील जुन्या मराठी घरांतून पासबुके वर्षानुवर्षे जपून ठेवलेली आढळतात. त्यांत सहामाहीस एकदा उमटणाऱ्या व्याजाच्या ओळीमागे मोठा इतिहास आहे.

आपल्या पेठांना रोजच्या व्याजाची पद्धत अपरिचित नव्हती. जमा व नावे या दोन्ही बाजूंच्या रकमांवर मितीपासून मितीपर्यंतचे व्याज आकारावयाचे आणि एकातून दुसरे वजा करावयाचे, यास सावकारी हिशेबात कटमिती म्हणत. म्हणजे पैसा जितके दिवस राहिला, तितक्याच दिवसांचे व्याज. इंग्रजी अमदानीत बचतीची व्यवस्था सरकारने हाती घेतली. मुंबईत सरकारी बचत बँक 1835 साली निघाली, 1870 पासून जिल्ह्यांच्या तिजोऱ्यांतून बचत बँका उघडल्या आणि 1882 साली हे काम टपाल खात्याकडे आले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य बदलले, मराठी मुलखाशी असलेला कारभाराचा धागा तुटला. पण टपाल कचेरीतील पासबुकाचा नियम दोन्हीकडे एकच राहिला. सीमाभागात असे काही एकसारखे राहिले, याची नोंद आम्ही मुद्दाम करतो.

पुढे या भागात बँका आल्या. सांगली बँक 1916 सालची, बेळगाव बँक 1930 सालची. आज दोन्ही नावे उरलेली नाहीत; बेळगाव बँक युनियन बँकेत गेली आणि सांगली बँक 2007 साली आयसीआयसीआय बँकेत. बचत खात्याचा नियम मात्र कित्येक दशके देशभर ठरलेला होता: महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तीवरच त्या महिन्याचे व्याज.

याचा अर्थ उदाहरणानेच कळतो. तीस दिवसांच्या महिन्यात खात्यात दहा हजार रुपये आहेत. 28 तारखेस मुलाच्या फीसाठी नऊ हजार काढले. साडेतीन टक्के दराने व्याज मिळे ते उरलेल्या एक हजारावर, म्हणजे 2 रुपये 92 पैसे. सत्तावीस दिवस बँकेने वापरलेल्या नऊ हजारांचे काहीच नाही. रोजच्या शिलकेवर हिशेब केला असता तर 26 रुपये 18 पैसे झाले असते. निपाणीच्या शेतकऱ्याने तंबाखूचा पैसा बारा तारखेस भरला आणि देणी भागविण्यासाठी महिनाअखेरीपूर्वी काढला, तर त्यास एक छदामही मिळत नसे. पगारदारांची गतही निराळी नव्हती. पहिल्या तारखेस आलेला पगार वीस तारखेपर्यंत घरखर्चात जाई आणि किमान शिल्लक शून्याशी येऊन टेके. जाणते लोक नऊ तारखेपूर्वी भरत व पुढच्या महिन्याच्या आरंभी काढत. ज्याच्या घरी पैसा थांबू शकतो, त्यालाच हे परवडे.

लाखो खात्यांचा रोजचा गुणाकार हाताने करणे कारकुनांस अशक्य होते, असे याचे समर्थन केले जाई. ते अर्धेच खरे आहे. कॅश क्रेडिटच्या खात्यावर त्याच कचेरीत, त्याच कारकुनांकडून, रोजच्या बाकीवर व्याज लावले जात होते. बँक घेणेकरी असली की दिवस मोजावयाचे आणि देणेकरी असली की महिना पाहावयाचा! बचत खात्यांची संख्या फार मोठी होती, हे आम्हांस मान्य आहे. पण संगणक आल्यावरही काही वर्षे नियम हलला नाही.

रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2009 च्या वार्षिक धोरणात तो हलविला. 1 एप्रिल 2010 पासून व्यापारी बँकांना रोजच्या शिलकेवर व्याज देणे भाग पडले. येथे ‘रोज’ म्हणजे दिवसअखेरची शिल्लक. सकाळी भरून संध्याकाळी काढलेला पैसा हिशेबात येत नाही. प्रत्येक दिवसाच्या शिलकांची बेरीज करून दराने गुणावयाचे आणि 365 ने भागावयाचे, म्हणजे जुनी कटमितीच. व्याज रोज मोजले जाते, पण खात्यावर रोज जमा होत नाही. ते तिमाहीस वा बँकेच्या ठरावीक मुदतीस जमा होते. म्हणून व्याजावर व्याज रोज चढते, ही समजूत चुकीची आहे.

25 ऑक्टोबर 2011 पासून दर ठरविण्याची मोकळीकही बँकांना मिळाली. तेव्हा चार टक्के असलेला दर मोठ्या सरकारी बँकांत आज तीन टक्क्यांच्याही खाली आला आहे. पद्धतीत मिळालेले बरेचसे दरात गेले. टपाल कचेरीत मात्र आजही चार टक्के आहेत आणि दहा तारखेचा जुना नियमही तसाच आहे. भविष्य निर्वाहाच्या सार्वजनिक योजनेत, म्हणजे पीपीएफमध्ये, ती तारीख पाच आहे. तेव्हा आमच्या वयाच्या वाचकांपैकी ज्यांची खाती टपालात आहेत, त्यांनी पैसा दहाच्या आत भरावा आणि काढावयाचा असल्यास शक्य तो पहिल्या तारखेनंतर काढावा.