विनयातील वातायने आणि मुरुडचा उन्हाळा

दापोली तालुक्यातील मुरुड (जंजिऱ्याचे मुरुड ते निराळे) हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. याच तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीची 29 लेणी आहेत. त्यांचा आरंभ बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी झाला, पुढे तेथे वज्रयान आले आणि त्यानंतर नाथपंथ. मधुसूदन नरहर देशपांडे यांचा या लेण्यांवरील ग्रंथ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1986 साली प्रसिद्ध केला. त्यात शिल्पांची चर्चा विस्ताराने आली आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मात्र साधा आहे : उन्हाळ्यात या भूमीत माणूस राहत कसा होता?

याचे उत्तर शोधताना विनयपिटकाकडे वळावे लागते. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधक हे प्रकरण म्हणजे भिक्खूंच्या निवासाचा इतिहासच होय. आरंभीचे विहार अंधारे व दुर्गंधीयुक्त होते, म्हणून तथागतांनी तीन प्रकारच्या वातायनांची अनुज्ञा दिली : कठड्याची, जाळीची आणि गजांची. त्या वातायनांतून खारी व वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा त्यांवर कापडी पडद्याची आणि पुढे झडपेची अनुज्ञा झाली. छपरासाठी विटा, शिळा, चुना, गवत व पाने ही पाच द्रव्ये सांगितली आहेत. भिंतीस पांढरा रंग देण्याची अनुज्ञा आहे, आणि ओसरीचीही. अडचण निर्माण व्हावी आणि मग नियम घडावा, अशी ही रीत आहे. शीलाचे नियम जसे प्रसंगातून आले, तसेच घराचेही आले.

परंतु सर्वांत मोलाचा नियम वत्तक्खंधकात आहे. थंडीच्या दिवसांत वातायने दिवसा उघडावीत व रात्री मिटावीत. उन्हाळ्यात दिवसा मिटावीत व रात्री उघडावीत. दिवसाची तप्त हवा बाहेर ठेवायची, रात्रीच्या थंड हवेने भिंती निववायच्या आणि तो गारवा दुसऱ्या दिवशी वापरायचा, हे तत्त्व आजचा स्थापत्यशास्त्रज्ञही निराळ्या भाषेत सांगतो.

येथे एक भेद केला पाहिजे. हा नियम मगध-कोसलच्या कोरड्या उन्हाळ्यात घडला. तेथे रात्र खरोखर निवते. मुरुडच्या किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानात फारसे अंतर पडत नाही, हवा दमट असते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. येथे दुपारी खिडक्या मिटल्या तर खारा वारा अडतो आणि घर कोंदटते. म्हणून कोकणात केवळ जाड भिंत पुरत नाही, वारा खेळता लागतो. (वाळ्याचे ओले पडदे विदर्भात जे काम करतात, ते येथे होत नाही, त्याचेही कारण हेच.) मुरुडच्या जुन्या घराकडे या दृष्टीने पाहावे. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत, भिंतीवर ऊन पडू न देणारी खोल पडवी, फटींतून ऊन हवा सोडणारी नळीची कौले, त्यांखाली पोटमाळा, शेणाने सारवलेली भुई, अंगणात दिवाळीनंतर घातलेला झापांचा मांडव आणि मागे पोफळीचे शिंपलेले आगर. दुपारी खारा वारा, रात्री मतलई, दोहोंना वाट आहे. असे घर विहारापासून उत्पन्न झाले, असे म्हणण्यास पुरावा नाही. एकाच हवामानाला दोन काळांतील माणसांनी दिलेली ती उत्तरे आहेत, एवढेच म्हणता येते.

मात्र हा गारवा सर्वांच्या वाट्याला आला नाही. कर्वे यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला तेव्हा मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. स्वजातीच्या माणसाशी ज्यांचे वर्तन असे, त्यांच्या आगराची सावली व विहिरीचे पाणी अस्पृश्यांना कोठून मिळणार? कोकणातील अस्पृश्यांच्या वस्त्या गावाच्या कडेला, कुडाच्या भिंती व पेंढ्याचे छप्पर यांच्या. संघाच्या घरात मात्र निवासाचा क्रम ज्येष्ठतेवर होता, जातीवर नव्हता, हे याच सेनासनक्खंधकात नमूद आहे.

पुढचा भाग विपरीत आहे. पेंढ्याचे छप्पर गळके, दरवर्षी शाकारावे लागणारे आणि आगीला भ्यायचे. पण ते थंड होते. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यानंतर मंगलोरी कौल किनाऱ्यावर पसरले. मुंबईच्या गिरण्यांतला व पलटणीतला पैसा गावी आला, तसे बौद्धवाड्यांतही कौल चढले, मग पत्रा, मग सिमेंटचा स्लॅब. घर पक्के झाले, प्रतिष्ठेचे झाले आणि तापूही लागले. पेंढ्याकडे परत जा, असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

माता रमाई याच तालुक्यातील वणंद गावच्या. त्यांच्या नावाच्या आवास योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला 269 चौरस फुटांचे घर मिळते. एवढ्या घरावर स्लॅब आला, की दिवसभर साठलेले ऊन तो रात्री झोपणाऱ्याच्या अंगावर सोडतो. यावरचे उपाय महागडे नाहीत. स्लॅबवर चुन्याची सफेदी द्यावी, पश्चिमेच्या भिंतीला पडवी काढावी, समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्यात, मांडव पूर्वीप्रमाणे घालावा. यांपैकी सफेदी, ओसरी आणि वातायन या तिन्हींची अनुज्ञा चुल्लवग्गात आहे. घरकुलाचा नकाशा मंजूर होतानाच त्यात पडवी धरली, तर लाभार्थ्याला ती पुढे कर्ज काढून बांधावी लागणार नाही.