चालू कादंबरी किती लांबेल? हरिभाऊंच्या ‘क्रमशः’वरून एक धडा

समजा, तुम्ही 1891 सालात आहात. हातात पुण्याच्या ‘करमणूक’ साप्ताहिकाचा अंक आहे आणि त्यात हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ चालू आहे. ती अजून किती चालेल, हे कशावरून सांगाल?

ती 1893 पर्यंत चालली, हे आज आपल्याला माहीत आहे. पण शेवट माहीत असला की मधला प्रत्येक हप्ता त्या शेवटाकडेच निघालेला वाटतो. म्हणून आधी उत्तर बाजूला ठेवायचं आणि त्या आठवड्याच्या वाचकाकडे काय पुरावा होता ते बघायचं.

पहिला पुरावा कथेतला. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमूची आत्मकथा. ती लहानपणापासून सुरू होते, तेव्हा कथा आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आली ते मोजता येतं. ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये तर शेवट नावातच आहे. पण शेवट ठरलेला असला म्हणजे लांबी ठरली असं नाही.

दुसरा पुरावा लेखकाचा शब्द. नेमाड्यांची ‘हिंदू’ 2010 मध्ये आली ती चतुष्टयातली पहिली कादंबरी म्हणूनच. ‘चार’ हा आकडा इथे लेखकाचा इरादा सांगतो, कामाचा वेग नाही. वेग बघायचा तर त्याचं आधीचं काम बघा: चांगदेव चतुष्टयातली ‘बिढार’ 1975 ची, ‘झूल’ 1979 ची.

तिसरा पुरावा बाहेरचा. हरिभाऊ साप्ताहिक चालवत होते, आनंदाश्रमाची व्यवस्था बघत होते, पुढे पुण्याच्या नगरपालिकेतही होते. कादंबरी संपते ती नेहमी कथा संपली म्हणूनच असं नाही. कधी वेळ संपतो, कधी नियतकालिक.

आता खरी गोम. सरासरी काढताना आपण फक्त पूर्ण झालेल्या कादंबऱ्या घेतो. ‘गणपतराव’ आणि ‘कर्मयोग’ अपूर्ण राहिल्या, त्या यादीतून गळतात. मग अंदाज आखूड येतो, कारण लांबत जाणारं लेखनच अर्धवट राहण्याचा धोका जास्त. त्यांची नोंद ‘निदान इतकी तरी लांब’ अशी ठेवायला हवी.

दुसरी गफलत याच्या उलट दिशेची. आनंदनगर एमआयडीसीतून सुटून तुम्ही वेळापत्रक न बघता अंबरनाथ स्टेशनला आलात, तर दोन गाड्यांमधल्या मोठ्या गॅपमध्ये सापडण्याची शक्यता जास्त, कारण मोठी गॅप जास्त मिनिटं व्यापते. जुन्या फायलीतला कुठलाही एक अंक उघडा, तेच होईल: त्यात चालू असलेली कादंबरी बहुधा लांबलचकच निघेल. तेवढ्यावरून ‘त्या काळी कादंबऱ्या लांबच असत’ असं लिहिलंत, तर निष्कर्ष पुराव्याचा नसून तुमच्या निवडीचा असेल.

तुमच्या विषयात हप्त्यांनी आलेलं साहित्य असेल, तर कुठल्याही एका नियतकालिकाच्या पाच वर्षांच्या फायली घ्या. प्रत्येक कादंबरीचा पहिला हप्ता, शेवटचा हप्ता आणि थांबण्याचं कारण असे तीन रकाने करा. तिसरा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागेल. तुमचं प्रकरण बहुतेक त्यातूनच निघेल.